भीमाकांठची बोली आणि बोलपट

बारामती ही कविवर्य मोरोपंतांची कर्मभूमि. तेथून इंदापूरच्या बाजूस गेलें म्हणजे उजनी धरणाचें पाणी दिसूं लागतें आणि त्या पाण्यापलीकडे सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका लागतो. पटकथाकार, नट व दिग्दर्शक श्री. नागराज मंजुळे त्याच तालुक्यांतील जेऊर गांवचे. दोन्ही कांठांची बोली जवळजवळ एकच. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस ते परके वाटत नाहींत.

‘मुलगा सिनेमांत जाईन म्हणतो, काय करावें?’ असें इकडील पालक आम्हांस वारंवार विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढें २०१६ चा ‘सैराट’ असतो. भीति अशी कीं, पोरगा शिक्षण सोडील; आशा अशी कीं, एका उडींत दैव उघडेल. मंजुळे यांच्या चरित्रांत या दोहोंनाहि आधार नाहीं. त्यांनीं पुण्यास मराठी घेऊन एम्. ए. केलें, कविता लिहिल्या, आणि मग अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) संज्ञापनाचा अभ्यास केला. शाळेची ओढ लागलेल्या मुलावरील ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट राष्ट्रीय पारितोषिकास पात्र ठरला. पुढें २०१३ मध्यें ‘फँड्री’ आला. त्यांत लेखन व दिग्दर्शन त्यांचें, आणि चंक्याची भूमिकाहि त्यांचीच. ‘सैराट’ त्यानंतरचा.

पूर्वी ही विद्या कंपनींत मिळे. व्ही. शांताराम बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं पडेल तें काम करीत शिकले. तशा कंपन्या आतां राहिल्या नाहींत. कविता ही मंजुळे यांची पहिली उमेदवारी आणि लघुपट ही दुसरी, असें आम्हांस वाटतें.

आमच्या वर्गांतील खेड्यांकडचीं मुलें प्रश्न विचारण्यापूर्वींच मान खालीं घालतात. आपली भाषा अशुद्ध, ही समजूत त्यांच्या मनांत खोल रुजलेली असते. ‘सैराट’मधील आर्ची तीच भाषा ताठ मानेनें बोलली. ती भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची. राष्ट्रीय पारितोषिकांत तिचा विशेष उल्लेख झाला. एखाद्या व्याकरणाच्या तासानें जें धैर्य येत नाहीं, तें त्या चित्रानें कित्येकांस दिलें.

म्हणून पालकांस आमचें सांगणें एवढेंच: मुलास अडवूं नका, पण घाईहि करूं देऊं नका. पदवी पुरी होऊं द्या, पुष्कळ वाचूं द्या, आणि आपल्या गांवांत कोणाच्या वाट्यास काय येतें, तें त्यास नीट पाहूं द्या. एवढ्यासाठीं मुंबईचें तिकीट लागत नाहीं.