सामाईक फडताळ

माझ्या कादंबरीचे सातवे प्रकरण शाळेच्या संगणकावरून नाहीसे झाले, तेव्हा ते कोणी पुसले याविषयी मला क्षणभरही शंका आली नाही. मास्तरकीत हा एक गुण अंगी येतोच. वर्गात काच फुटली, की कोणाकडे पाहायचे हे डोळ्यांना आधीच ठाऊक असते.

आमचा संगणक लिनक्सवर चालतो. प्रत्येकाचे नाव वेगळे, परवलीचा शब्द वेगळा. शिवाय साऱ्यांसाठी 'सामाईक' नावाची एक डिरेक्टरी. माझे लिखाण मी तिथेच ठेवी. (का, ते विचारू नका. स्वतःची खोली असून सामाईक फडताळात लोणचे ठेवणारी माणसे घरोघर असतात.) मी मॅट्रिकपुढे गेलेलो नाही, पण एवढे शिकलो होतो, की प्रत्येक फाइलीपुढे परवानग्यांची नऊ अक्षरे असतात. तीन मालकाची, तीन त्याच्या गटाची, तीन इतरेजनांची. वाचणे, लिहिणे आणि चालवणे. माझ्या फाइलीवर लिहिण्याचा अधिकार एकट्या मला होता, इतरांनी नुसते वाचावे. मग ती पुसणार कोण? ज्याच्यापाशी मुख्य वापरकर्त्याचा, म्हणजे 'रूट'चा, परवलीचा शब्द आहे तोच. आणि तो होता दहावीतल्या एका मुलापाशी. संगणकाची सारी देखभाल तोच करी.

मी त्याला वर्गापुढे उभे केले. काय बोललो ते इथे लिहवत नाही. तो एवढेच म्हणाला, "सर, फाइल पुसायला फाइलीवरचा अधिकार लागतच नाही." मला तो उद्धटपणा वाटला.

रात्री झोप येईना, म्हणून पुस्तक उघडले. मुलगा खरे बोलत होता! युनिक्सच्या घराण्यात डिरेक्टरी ही पेटी नव्हे, ती नावांची यादी. फाइल पुसणे म्हणजे त्या यादीतून तिचे नाव खोडणे. तेव्हा अधिकार पाहायचा तो यादीवर लिहिण्याचा. आणि आमच्या 'सामाईक'च्या यादीवर लिहायला सबंध शाळा मोकळी होती. माझ्या प्रकरणातला एक काना ज्याला बदलता आला नसता, असे पाचवीतले पोरही ते समूळ उडवू शकत होते.

यावरचा तोडगा जुना आहे. डिरेक्टरीच्या परवानग्यांत शेवटी 'टी' हे अक्षर आणायचे. त्याला 'स्टिकी बिट' म्हणतात. १९७० च्या दशकात त्याचे काम वेगळेच होते. वारंवार लागणारा प्रोग्राम संपल्यावरही हाताशी राहावा, म्हणून ते लावीत. १९८६ च्या बर्कलीच्या ४.३ आवृत्तीत त्याला डिरेक्टरीची राखण मिळाली. नाव खोडायचे तर फाइलीच्या मालकाने, डिरेक्टरीच्या मालकाने किंवा रूटने. काम गेले, नाव राहिले. आपल्याकडची देशमुख-कुलकर्णी आडनावे अशीच आहेत की!

त्याच पानावर 'एस' अक्षर भेटले, आणि मी अधिकच अस्वस्थ झालो. परवलीच्या शब्दांची नोंद असलेल्या फाइलीत रूटखेरीज कोणाला लिहिता येत नाही. मग मुले आपला शब्द बदलतात कशी? तो बदलणाऱ्या प्रोग्रामवर 'एस' असतो. चालवणारा कोणीही असो, प्रोग्राम चालतो मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने. आपण गाभाऱ्याबाहेर उभे राहतो आणि पुजारी आपला नारळ आत नेतो, तसे. डेनिस रिची यांची ही कल्पना. पेटंटसाठी अर्ज १९७३ चा, मंजुरी १९७९ ची. मात्र असा प्रोग्राम भोळा असून चालत नाही. उसन्या अधिकाराने नेमून दिलेले तेवढेच काम करायचे, जास्त एक पाऊल नाही. वर्गात मी कोणाच्या अधिकाराने किती बोललो होतो, ते तेव्हा आठवले.

दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. व्हरांड्यात, एकट्याची. आळ घेताना मात्र सबंध वर्ग हजर होता.

"असू दे, सर," म्हणून तो संगणकापुढे बसला. एक ओळ टंकली, आणि 'सामाईक'च्या परवानग्यांत शेवटी 'टी' उमटले. प्रकरण कोणी खोडले ते मी पुढे कधी शोधले नाही. ते पुन्हा लिहिले. पहिल्यासारखे उतरले नाही.

संध्याकाळी माझ्या टेबलावर घडी केलेली एक चिठ्ठी होती. तिच्यात त्याच्या अक्षरात रूटचा परवलीचा शब्द होता. त्यानंतर संगणकाच्या खोलीत तो आला नाही.