पंतांचा वाडा

पिंजरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोपट येतो. वयाच्या ७१ व्या वर्षी तुम्ही सरड्यासाठी पिंजरा बांधाल, असे कोणा ज्योतिष्याने मला सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती!

पण योग होता खरा. गेल्या हिवाळ्यात मी ह्यूस्टनला मुलीकडे गेलो होतो. पत्नी गेल्यापासून पुण्याच्या घरात मी एकटाच. तेव्हा आता कायमचे इकडेच राहा, असा मुलीचा आग्रह. त्यातच नातवाच्या दहाव्या वाढदिवसाला घरात एक सरडगुहिरा आला. आपल्याकडच्या सरडगुहिऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; त्याला पकडून पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. हा मात्र मूळच्या येमेन-सौदी अरबस्तानातल्या जातीचा, पण माणसांच्या देखरेखीखालीच जन्मलेला. डोक्यावर उंच तुरा, थेट पुणेरी पगडीसारखा. म्हणून मी त्याचे नाव 'पंत' ठेवले.

नातवाची इच्छा अशी, की पंतांना दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवावे. म्हणजे ते चहूकडून दिसतील. आम्ही दोघांनी पुस्तके वाचायला घेतली आणि ती पेटी पहिल्याच दिवशी बाद झाली. काचेत हवा कोंडते. शिवाय या एकलकोंड्या प्राण्याला तीत स्वतःचेच प्रतिबिंब दिसले, तर तो त्याला प्रतिस्पर्धी समजून झुरतो. मग आम्ही लाकडी चौकटीला जाळी ठोकून दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असा वाडा उभा केला. पंत झाडावरचे रहिवासी. त्यांना अंगणापेक्षा माडीचे महत्त्व अधिक.

आत निरनिराळ्या जाडीच्या फांद्या आडव्या बांधल्या. वर एक उबेचा दिवा लावला. त्याच्याखालच्या फांदीवर तीसेक अंश उष्णता, खाली गारवा; ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. शेजारी अतिनील किरणांचा नळीदिवा. या किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेला चुना अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडतात. खिडकीतले ऊन इथे कामाचे नाही, कारण हे किरण काच अडवते. पाण्याची तर आणखी गंमत! वाटीतले साचलेले पाणी पंतांना सहसा ओळखूच येत नाही. ते पानांवरचे थेंब चाटतात. तेव्हा शंकराच्या पिंडीवर अभिषेकपात्र असते, तसे तळाला बारीक छिद्र पाडलेले भांडे मी वर टांगले.

शेवटी मनीप्लँट आणि जास्वंद यांच्या कुंड्या आत ठेवल्या. तेव्हा मात्र नातू रडकुंडीला आला.

"आजोबा, एवढी पानं लावली तर तो दिसणार कसा?"

"त्याला वाटेल तेव्हा दिसेल," मी म्हणालो.

सरडा म्हटला की आपण दलबदलू पुढाऱ्याची आठवण काढतो. पण या बाबतीत आपण त्या जिवावर अन्याय करतो. हा प्राणी परिसर पाहून रंग बदलतो त्यापेक्षा ऊब, भीती आणि राग यांमुळे अधिक बदलतो. त्याच्या एका जातभाईच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, आणि त्यांच्यातले अंतर बदलले की रंग पालटतो, हे २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे लबाडी दूरच. मनातले लपवणे या बिचाऱ्याला जमतच नाही! आले तेव्हा आमचे पंत काळवंडलेले होते. वाडा आम्ही माणसांच्या डोळ्यांहून उंच ठेवला, कारण वरून कोणी वाकले की यांचा जीव दडपतो. आठवड्याभरात पानांआडून पोपटी अंग डोकावू लागले.

त्याच सुमारास मुलीने माझी खाट खाली, दिवाणखान्यालगतच्या खोलीत हलवली. मला एकटे वाटू नये म्हणून दार सताड उघडे. येताजाता जो तो विचारी, "बाबा, काही हवंय का?" माया खरीच होती, तिला नावे कशी ठेवावी? पण दिवसातून दोन तास मी वरच्या अडगळीच्या खोलीत पुस्तक घेऊन बसू लागलो. एके दिवशी मुलीने जेवताना विचारलेच, "बाबा, तुम्हाला आमच्यात करमत नाही का?"

मला उत्तर जुळवता येईना. तेवढ्यात नातू पोळीचा घास तोंडात ठेवून म्हणाला, "तसं नाही गं आई. आजोबांना थोडी पानं हवीत."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. त्या शनिवारी जावयाने वरची अडगळ हलवली. मुलीने तिथे एक टेबल, एक दिवा ठेवला आणि दाराला आतून कडी लावून दिली.

माझे परतीचे तिकीट मार्चचे होते. ते मी पुढे ढकलले.