दारूची भाषा, हवेची बंदूक

मराठी भाषेत दारू पुष्कळ आहे. बंदुकीची, हे लगेच सांगितलेले बरे. आपण भांडणाला बत्ती देतो, सभेत तोफ डागतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो आणि फसलेल्या बेताला फुसका बार म्हणतो. 'ठासून' म्हणताना निदान मला तरी ठासणीची बंदूकच दिसते. हवेच्या वाट्याला मात्र या भाषेत मान आलेला नाही. एखाद्याची हवा गेली की तो संपला, डोक्यात हवा गेली तर वाया गेला, आणि हवेत गोळीबार करणारा तर निव्वळ बडबड्या. साहजिकच 'हवेची बंदूक' म्हटले की जत्रेतला फुगे लावलेला फळा आणि वाकड्या नळीची ती बंदूक, एवढेच डोळ्यांपुढे येते.

हा पक्षपात मला खुपू लागला तो माझ्या मामांमुळे.

मामा गणवेशाच्या नोकरीत तेहेतीस वर्षे होते. उमेदीच्या काळात थ्री-नॉट-थ्री आणि नंतर एसएलआर, अशा त्यांच्या हातच्या बंदुका. दोन्ही सेंटरफायर जातीच्या. म्हणजे पितळी पुंगळीच्या बुडाशी मधोमध टोपी, तिच्यावर पिन आदळली की आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. पितळेच्या त्या पुंगळ्या आमच्या भागाला परक्या नाहीत. अंबरनाथची आयुध निर्माणी, जिला सगळे 'ऑर्डनन्स' म्हणतात, धातुकामाचीच. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि ती 'यंत्र इंडिया' या कंपनीत गेली. पण तोंडातले नाव बदललेले नाही. माझ्या वर्गात त्या वसाहतीतली मुले नेहमीच असत.

निवृत्तीनंतर मामांनी गावच्या शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची .३१५ रायफल घेतली. थ्री-नॉट-थ्री लष्करी मापाची, म्हणून सामान्य नागरिकाला मिळत नाही; .३१५ हा तिच्याऐवजीचा आपल्याकडचा रूढ मार्ग. या रायफलीचे चरित्र मी जवळून पाहिले आहे. ती कपाटात असे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होई, निकालानंतर परत येई. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिले जाई. ती झाडलेली मात्र मला आठवत नाही. झाडणार कुठे? बदलापूरला घरामागे परस असले तरी तिची गोळी मैलभरापलीकडेही जीव घेऊ शकते. शिकार तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपवली, ते उत्तमच झाले. मग उरते काय, तर पूजा आणि नूतनीकरणाचे अर्ज. चार वर्षांपूर्वी मामांनी ती परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकली आणि मोडून भरायची एक साधी एअरगन आणली. मामी म्हणाल्या, "वाघ विकून मांजर आणलंत."

आकड्यांच्या हिशेबाने मामी चुकत नव्हत्या. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११ ग्रॅमची, ती सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा ३,००० ज्यूलच्या वर. स्पर्धेच्या एअर रायफलीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग १७५ मीटरच्या आसपास, ऊर्जा सात-आठ ज्यूल. मामांची बंदूक त्याहून थोडी जोरकस असेल, इतकेच.

आणि तरीही मामांना ती जमेना. तेहेतीस वर्षे ज्यांच्या नेमाचे कौतुक झाले, त्यांचे छर्रे दहा मीटरवरच्या कागदावर मुठीएवढ्या जागेत विखुरत. दोन महिने त्यांनी बंदुकीला नावे ठेवली, मग छर्ऱ्यांना. खरे कारण कळले तेव्हा ते मला फार मोलाचे वाटले. दारूच्या रायफलीत कवायतच अशी की दस्ता खांद्यात घट्ट रुतवायचा, कारण धक्का येणार असतो. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच अख्खी बंदूक आधी मागे, मग पुढे हलते. तिला आवळून धरले की प्रत्येक वेळी हाताचा दाब निराळा आणि म्हणून छर्ऱ्याची वाटही निराळी. तिला धरायचे ते जवळजवळ न धरल्यासारखे. पुढचा हात उघडा, तळव्यावर ती नुसती टेकलेली. तिला हवी तशी हलू द्यायची, फक्त दर वेळी सारखीच हलू द्यायची. शिवाय छर्रा मंद, नळीत जास्त वेळ राहणारा. म्हणून चाप ओढल्यावरही नजर जागची हलवायची नाही.

म्हणजे मामांना शिकायचे काहीच नव्हते, सोडायचे होते. साठी उलटल्यावर ही पकड सैल करायला त्यांना वर्ष लागले. "अगं, धक्का असला की चूक धक्क्यावर ढकलता येते," ते एकदा म्हणाले. "इथे धक्काच नाही. कोणावर ढकलू?"

स्फोट गेला म्हणजे कसोटी गेली, असे आपल्याला वाटते. ऑलिंपिकने तसे मानलेले नाही. १९८४पासून दहा मीटर एअर रायफल तिथे आहे आणि तिच्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ केवळ अर्ध्या मिलिमीटरचे, पूर्णविरामाएवढे. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या, २०००मध्ये सिडनीला अंतिम फेरीत पोचल्या. आमच्याच ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोला विश्वविजेता झाला. या सगळ्या कर्तबगारीत बारूद कणभरही नाही.

तरी हवेच्या बंदुकीला निरुपद्रवी म्हणणे, ही त्याच भाषिक पक्षपाताची दुसरी बाजू झाली. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणे होत नाही. डोळा जायला एवढी ताकद पुरते, पाखरू मरायला तर त्याहून कमी. खेतवाडीत वाढलेल्या सलीम अलींनी लहानपणी एअरगनने एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि ती ओळखून घ्यायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली; भारतातल्या पक्षिशास्त्राची एक वाट तिथून निघते. पण प्रत्येक पाडलेल्या चिमणीमागे एक सलीम अली नसतो. अरुणाचल प्रदेशात २०२१पासून सरकारला एअरगन जमा करण्याची मोहीम चालवावी लागली, ती याच कारणाने. मामांच्या शेजाऱ्याने कबुतरांचा बंदोबस्त करून द्या, असा आग्रह धरला तेव्हा मामांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितले.

परसात त्यांनी भिंतीला लागून लाकडी खोके उभे केले आहे. छर्रे अडवायला आत काय भरावे, हा प्रश्न मी सोडवला. माझ्याकडे जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे होती. काव्यशास्त्राच्या एका गाइडात छर्रा रससिद्धान्तापर्यंत जाऊन थांबला; बहुतेक विद्यार्थीही तिथेच थांबतात. (गाइडे लवकर चिंधड्या होतात, आता आम्ही जुन्या सतरंज्यांच्या घड्या भरतो.)

मामांचा डावा कान जवळपास गेलेला आहे. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, आणि त्या काळी कापसाचा बोळा घातला तर घातला. हे नुकसान ते कधी बोलून दाखवत नाहीत. एअरगनचा 'टप्' असा आवाज मात्र त्यांना उजव्या कानाने पुरेसा ऐकू येतो, आणि त्यापाठोपाठ कागद फाटल्याचाही. थ्री-नॉट-थ्रीने लक्ष्यावर लागलेले कधी ऐकूच आले नव्हते, म्हणाले. आपलाच बार सगळे गिळून टाकायचा.

गेल्या खंडेनवमीला मामींनी एअरगन पाटावर मांडली, विळी आणि शिलाई मशीनच्या तेलाच्या डबीशेजारी. मामा काही बोलले नाहीत.

आता बदलापूरचे ते घर पुनर्विकासाला जाणार आहे. परस जाईल, जांभळाचे झाड जाईल, आणि बाराव्या मजल्यावर दोन खोल्या मिळतील. बिल्डरने नकाशा दिला त्या संध्याकाळी मामांनी माझ्याकडून पट्टी मागून घेतली. मुख्य दारापासून मागच्या बेडरूमच्या भिंतीपर्यंत, मधले दार उघडे धरून, त्यांनी तीनदा मोजले. आठ मीटर सत्तर भरले. मामी म्हणाल्या, जिन्याकडचे दार उघडे ठेवायचे नाही, आधीच सांगून ठेवते.