लेकीची सायकल : पोलादी की कार्बनची?

लेकीला सायकल हवी होती, तीही कार्बन फायबरची. "आई, किती हलकी असते गं!" खरंच आहे. चांगली पोलादी फ्रेम दोन किलोच्या आसपास भरते, कार्बनची किलोच्या आतही मिळते. चढावर पायांना फरक कळतो.

पण मैत्रिणींनो, पोलादाला मार लागला तर बहुधा ते वाकतं, पोचा दिसतो. साधी फ्रेम गावातला वेल्डिंगवालाही सांधून देतो. कार्बनचे थर मात्र आतून सुटले तरी वरून कधीकधी काहीच दिसत नाही, आणि पुढे फ्रेम एकाएकी तुटू शकते. दुरुस्तीलाही जाणकारच लागतो.

लेक रोज ट्रकांच्या रस्त्यानं क्लासला जाते. आम्ही पोलादी घेतली. पावसाळ्यात गंजाकडे तेवढं लक्ष ठेवते. ती अजून कुरकुरते. मला मात्र झोप लागते.