बोटांना मानवणारे वाद्य

उतारवयात एखादी गोष्ट जमेनाशी झाली की तिचा दोष आपण सर्वप्रथम वयावर टाकतो. मीही तेच केले. मिरजेच्या सतारीवर वाढलेली माझी बोटे संधिवाताने आखडली, पोलादी तारा सोसवेनात आणि सतारीला कायमची गवसणी चढली. ते पाहून मुलाने मला युकुलेले भेट दिले. चारच तारा, त्याही नायलॉनच्या. ‘‘आई, याने बोटे दुखणार नाहीत,’’ तो म्हणाला.

पण बोटे दुखलीच. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही. तीन आठवड्यांनी ते वाद्य कपाटावर गेले आणि यापुढे संगीत केवळ ऐकायचे, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढे सतार दुरुस्त करणारे एक कारागीर घरी आले असता त्यांनी ते सहज हाती घेतले. ‘‘काकू, दोष बोटांचा नाही. तारा पडद्यांपासून फार उंच आहेत,’’ एवढेच ते म्हणाले. त्या वाक्याने माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले, हे तुम्ही जाणालच.

त्यानंतर मी डोळसपणे दुसरे वाद्य निवडले. १८७९ साली पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून हवाईत आलेल्या मजुरांबरोबर काही सुतारही होते. त्यांच्या छोट्या तंतुवाद्यापासून तेथे युकुलेले घडले. तेथील ‘कोआ’ लाकूड त्यासाठी नावाजलेले, पण महाग. महोगनीही उत्तम, आणि आपल्या आवाक्यातली.

सतारीप्रमाणेच येथेही नादाचा प्राण तबलीत, म्हणजे पुढच्या फळीत असतो. अखंड लाकडाची तबली मोकळेपणाने कंप पावते. थर चिकटवलेल्या लाकडाचा नाद तुलनेने दबलेला असतो. दुकानात नादछिद्राची कड निरखून पाहा. वरच्या रेषा कडेतही तशाच उतरलेल्या दिसल्या, तर लाकूड अखंड. पातळ थर दिसले, तर ते जोडलेले. नुसते ‘महोगनी’ असे लिहिलेले पुरेसे नाही. ‘सॉलिड टॉप’ म्हणजे केवळ तबली अखंड, तर ‘ऑल सॉलिड’ म्हणजे पाठ आणि बाजूही. मी १२,००० रुपयांची मर्यादा ठरवली होती, म्हणून अखंड तबलीवर समाधान मानले. पैसा मर्यादित असेल तर तो तबलीवर खर्चावा, नक्षीकामावर नव्हे.

मात्र लाकडाआधी बोटांचा विचार करा. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची साधारण ३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. पहिल्या पडद्यावर तार अलगद दाबली जाते का, हेही पाहा. दांडीच्या कडेवरून बोट फिरवा. पडद्यांची टोके टोचता कामा नयेत. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार एकाच स्वराच्या दोन सप्तकांत नेमकी जुळली पाहिजे. सर्वांत लहान ‘सोप्रानो’मध्ये पडदे दाटीने असतात, जाड किंवा आखडलेल्या बोटांना ‘कॉन्सर्ट’ अथवा ‘टेनर’ आकार अधिक सोयीचा. तारा उंच असल्या तरी वाद्य लगेच टाकून देऊ नका. जाणकार कारागीर त्या बहुधा खाली आणू शकतो. माझे पहिले युकुलेलेही असेच सुधारले आणि आता नात ते वाजवते.

अखंड लाकूड हवामानाला हळवे असते. पावसाळ्यात ते फुगते, कोरड्या हवेत तडकू शकते. वाद्य पेटीत ठेवावे, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी असावी. ऊन आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोत टाळावा.

घरातील ज्येष्ठांसाठी वाद्य घेणाऱ्या मुलांनो, सुनांनो, आश्चर्याचा धक्का देण्याऐवजी त्यांना दुकानात सोबत न्या. वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवा, त्यांच्या बोटांना ठरवू द्या. आणि ज्येष्ठांनो, आरंभी दहा मिनिटेच वाजवा. सांधे ठणकले तर थांबा, सूज आल्यास डॉक्टरांना दाखवा. मुख्य म्हणजे, दुखते ते सांगा. मी तेव्हाच बोलले असते, तर माझे वाद्य इतके दिवस कपाटावर मुके पडून राहिले नसते.