लिफ्ट नाही, हे आधी लिहा

पुण्यात पाट्या लिहिणाऱ्याला शब्द कमी पडत नाहीत. फाटकासमोर गाडी लावली तर काय होईल, हे चार शब्दांत लख्ख सांगणारा माणूस स्वतःचा फ्लॅट विकायला काढतो, तेव्हा मात्र त्याच्या लेखणीला काय होतं कोण जाणे. ‘मोक्याच्या ठिकाणी, प्रशस्त, हवेशीर, सर्व सुविधा हाकेच्या अंतरावर, पाहताक्षणी पसंत पडेल असा २ बीएचके.’ आणि शेवटी, सवयीनं, ‘एजंट क्षमस्व’. मी एजंटच आहे. कोथरूड-एरंडवण्याच्या पट्ट्यातले जुने, रीसेलचे फ्लॅट विकून देते, त्यामुळे ते शेवटचे दोन शब्द फारसे मनावर घेत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच नंबरावरून फोन येतो: ‘ताई, चौकशा खूप येतात, बघायलाही येतात माणसं, पण पुढे काही सरकत नाही.’

बघायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि सौदा होत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा जाहिरातीचा असतो. तिनं चुकीची माणसं जिन्यापर्यंत आणलेली असतात. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन आलेला मुलगा खालूनच वर बघतो, ‘लिफ्ट कुठे आहे?’ म्हणतो, आणि तरीही भिडेखातर तीन मजले चढून, पाणी पिऊन, ‘छान आहे हं घर’ म्हणून जातो. सगळ्यांचा रविवार वाया. त्यात घरमालकाच्या मनात अढी बसते की लोकांना घर आवडतंय, म्हणजे एजंटच कमी पडतोय.

मयूर कॉलनीच्या बाजूला अशाच एका सोसायटीतलं घर माझ्याकडे आलं. तीन मजली इमारत, नव्वदच्या दशकातली, घर सगळ्यात वर. घरमालक काकांनी स्वतः लिहिलेली जाहिरात वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात होती. त्यात ‘साडेनऊशे स्क्वेअर फूट’ होतं, सागवानी कपाटं होती, ओट्याचा ग्रॅनाइट होता, आणि ‘अत्यंत लाभदायक वास्तू’ हे अधोरेखित होतं. मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न, स्वतःची बढती सगळं त्या घरात झालेलं. काकांच्या दृष्टीनं किमतीत ते धरलेलं असणं रास्तच होतं. पण घेणाऱ्याला त्या घरात आपली मुलं वाढवायची असतात. सागवानी कपाट तो बहुतेक काढूनच टाकणार. जाहिरात लिहायला बसले की माझं पहिलं काम असतं मालकानं कशावर खर्च केला ते बाजूला काढणं आणि नव्या माणसाला पहिल्या महिन्यात काय काय विचारावं लागेल ते पुढे आणणं. हे करताना मालक दुखावतो. चहा झाल्यावर करावं.

आधी क्षेत्रफळ. काकांचा आकडा कुठून आला होता ते त्यांनाही नीट सांगता येईना. बिल्डरच्या माणसानं तेव्हा तोंडी सांगितलेलं डोक्यात बसलेलं. करारनामा काढला तर बिल्टअप ७९ चौरस मीटर, म्हणजे साधारण ८५० चौरस फूट. मग मी लेझरनं खोली-खोली मोजली. हे मोजमापाचं यंत्र तळहातात मावतं, भिंतीला टेकवून बटण दाबलं की समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर दाखवतं. फक्त पडदे आणि कपाटाची दारं मध्ये येऊ द्यायची नाहीत. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट म्हणजे काय ते ठरवून दिलंय: घराच्या आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. त्या हिशेबानं घर ६९० च्या आसपास भरलं. साडेनऊशेवरून सहाशे नव्वद. काका बराच वेळ यंत्राकडे संशयानं बघत होते.

नुसता आकडाही मी एकटा सोडत नाही. ‘बेडरूम १० बाय ११’ वाचून कुणालाही काही दिसत नाही. पण साडेसहा फूट लांबीचा पलंग दहा फुटांच्या बाजूला लावला की साडेतीन फूट उरतात; कपाटाला दोन फूट गेले की मध्ये दीड फूट. एवढ्या जागेत दाराचं कपाट उघडलं की समोर माणसाला उभं राहता येत नाही, सरकत्या दारांचंच लागतं. म्हणून मी लिहिते: ‘मोठा पलंग आणि स्लायडिंग कपाट बसतं.’ तसंच स्वयंपाकघराचं. फ्रीज आत राहतो की हॉलमध्ये, वॉशिंग मशीनला नळ आणि पॉइंट कुठे आहे, ओटा सरळ आहे की एल आकाराचा. बायका घर बघायला येतात तेव्हा हॉलमध्ये उभ्या राहून कौतुक करतात, पण निर्णय ड्राय बाल्कनीत होतो.

आता लिफ्टचं. काकांचं म्हणणं, ‘अहो ताई, सगळं खरं आधीच लिहिलंत तर येणार कोण?’ त्यांना सांगितलं, तीन मजले चढू शकणारेच येतील. लिफ्ट नसल्याचं मी दुसऱ्याच ओळीत टाकते, मजल्याला लागून. शेवटी बारीक अक्षरात टाकलं तर ते लपवल्यासारखं वाटतं आणि मग वाचणारा बाकीच्या ओळींकडेही तिरक्या नजरेनं बघायला लागतो. शिवाय लिफ्ट नाही म्हणजे मेंटेनन्स कमी, आणि महिन्याचा आकडा शेजारीच लिहिला की तरुण जोडप्याचं गणित चटकन जमतं. वरच्या मजल्याला पुण्यात दुसरा प्रश्न ठरलेला असतो: एप्रिलमध्ये भट्टी होते का, आणि स्लॅब गळतो का. या सोसायटीनं गच्चीवर पत्र्याची शेड घातली होती. काकांच्या पानभर मजकुरात तिचा उल्लेखही नव्हता! ग्रॅनाइटच्या दहापट मोलाची गोष्ट, पण ती सोसायटीनं केलेली, काकांच्या खिशातून थेट गेलेली नाही, म्हणून सुचलीच नाही.

ओलीच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. इकडचा पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून वाऱ्यासोबत येतो, जुन्या इमारतींच्या पश्चिमेच्या भिंती मार खातात, आतून रंगाला फुगे येतात, पांढरा क्षार सुटतो. दिवाळीला रंग काढला की सगळं झाकतं आणि पुढच्या जुलैत पुन्हा उगवतं. रंग देऊन, मार्चमध्ये फोटो काढून घर विकणारे आहेत. जुलैत नवे मालक त्याच सोसायटीत, त्याच जिन्यात भेटतात, हे ते विसरतात. काकांच्या लहान बेडरूमला ओल होती. सोसायटीनं बाहेरून क्रॅक भरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं आणि त्याचं बिल फायलीत होतं. जाहिरातीत तसंच टाकलं, ‘पूर्वी ओल, काम झालं आहे, बिल बघायला मिळेल’. नंतर ज्यांनी ज्यांनी फोन केला त्यांनी भिंतीबद्दल विचारलं, पण घाबरून कुणी विचारलं नाही.

फोटो. याबद्दल मी तासभर बोलू शकते. मोबाइलमधली रुंद लेन्स ही घर विकणाऱ्यांची लाडकी. तिनं दहा बाय पंधराचा हॉल मंगल कार्यालयाएवढा दिसतो. माणूस प्रत्यक्ष आला की दारातच त्याचा चेहरा पडतो, आणि पडलेला चेहरा वर आणणं कुठल्याही एजंटला जमत नाही. मी साधी लेन्स वापरते, फोन छातीच्या उंचीवर, आडवा, भिंतीच्या कडा सरळ उभ्या राहतील असा. कोपऱ्यातून खिडकीच्या दिशेनं. दिवे बंद, नाहीतर ट्यूबचा पांढरा, बल्बचा पिवळा आणि बाहेरचा उजेड मिसळून भिंती आजारी दिसतात. खोली ज्या दिशेची, त्या दिशेला ऊन थेट नसताना. पंखा बंद, पाती स्थिर.

आवराआवर हवी, पण घर रिकामं करायची गरज नसते. रिकामी खोली उलट लहान दिसते, कारण डोळ्याला माप घ्यायला काही उरत नाही. फ्रीजवरचे डबे, औषधांची पिशवी, दारामागचे कपडे, बाल्कनीतली दोरी, सिलिंडर, तीन वर्षांची कॅलेंडरं एवढं काढलं तरी पुष्कळ. नातवंडांचे फोटो आणि दारावरची नावाची पाटी मी चौकटीत येऊ देत नाही. अनोळखी माणसांना ते दाखवायचं कारण नाही. आणि बाथरूमचा फोटो हवाच. तो नसला की बघणारा सर्वांत वाईट बाथरूमची कल्पना करतो. संडासचं झाकण मात्र खाली असू दे. ही सूचना लिहावी लागते यावर लोक हसतात. त्यांनी एकदा चार-दोन जाहिराती चाळून बघाव्यात.

अंतरं मी पायानं मोजते. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ हे कुणाची, कशावर बसून, ते कुणी लिहीत नाही. मेट्रो कोथरूडकडे मार्च २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून वनाज ते गरवारेच्या टापूतलं प्रत्येक घर पाच मिनिटांवर आलंय. काकांच्या घरापासून आयडियल कॉलनी स्थानक चालत बारा मिनिटं भरलं, पौड रस्ता ओलांडायची वाट बघणं धरून. बारा लिहिलं. पार्किंगचंही तेच. इमारतीखालची मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं, तरी ‘स्वतःचं कव्हर्ड पार्किंग’ जाहिरातींतून हटत नाही. सोसायटीनं ठरावानं जागा दिली असेल तर ‘सोसायटीनं दिलेली एक चारचाकीची जागा’, आणि येईल तो लावील असं असेल तर तसं. पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, हे एका ओळीत.

सर्वांत मोठा मोह सध्या रीडेव्हलपमेंटचा आहे. कोथरूडात तीस वर्षांची इमारत म्हटली की फोनवर तिसरा प्रश्न तोच. ‘लवकरच रीडेव्हलपमेंट’ एवढे दोन शब्द टाकले की मालकाला वाटतं पंधरा लाख वाढले. प्रत्यक्षात ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानं घालून दिलेली वाट लांब आहे: विशेष सर्वसाधारण सभा, वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार, त्याचा अहवाल, निविदा, विकासकाची निवड, तीही निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर. त्यात जमिनीचं अभिहस्तांतरणच, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे झालेलं नसलं तर तिथूनच सुरुवात. म्हणून मी सेक्रेटरींना गाठून विचारते आणि गाडी जिथे उभी आहे ते स्थानक लिहिते: ‘सभेत विषय चर्चेला आला आहे, विकासक ठरलेला नाही. डीम्ड कन्व्हेयन्स झालं आहे.’ जाणकार गिऱ्हाईक दुसरं वाक्य वाचून फोन करतं.

किमतीच्या खेळात मी फार पडत नाही, एक सोडून. लोक शोधताना ‘एक कोटीपर्यंत’ असं ठरवून शोधतात. एक कोटी दोन लाख मागितले तर त्या यादीत घर दिसतच नाही, आणि ते दोन लाख तसेही घासाघीशीत जाणारच असतात. घेणाऱ्याला वर सात टक्के मुद्रांक आणि नोंदणीचे तीस हजार उभे करायचे असतात. बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. त्याचं बजेट त्या आकड्यासकट ठरलेलं असतं. ‘किंमत प्रत्यक्ष भेटीत’ लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार.

आणि ‘फक्त आपल्यातलेच’. हे सांगताना आवाज खाली जातो, कधी ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ असा घरंदाज वेष घेऊन येतं. मी लिहीत नाही. दोन मालक त्यावरून गेले, जाऊ देत.

काकांचा मुलगा न्यू जर्सीत. घर दोघांच्या नावे, त्यामुळे मजकूर त्याच्याकडे व्हॉट्सअॅपवर गेला. त्यानं लिफ्टबद्दल काही म्हटलं नाही, ओलीबद्दलही नाही. ‘माझं मुखत्यारपत्र झालंय का ते लिहा,’ म्हणाला, आणि मला तो मुलगा आवडला. एक मालक परदेशात असला की त्याच्या वाट्याच्या पैशावरचा टीडीएस नेहमीच्या एक टक्क्यानं कापून भागत नाही. रक्कम बरीच मोठी होते, कमी करायची तर आयकर खात्याकडून दाखला काढावा लागतो, आणि त्यात महिना जातो. घेणाऱ्याच्या बँकेला हे आयत्या वेळी कळलं की सौदे लटकतात. शेवटी मजकूर असा झाला:

‘कोथरूड, मयूर कॉलनीजवळ. २ बीएचके, तिसरा (वरचा) मजला, लिफ्ट नाही. कार्पेट अंदाजे ६९० चौ. फूट, शिवाय बाल्कनी. गच्चीवर सोसायटीची शेड. लहान बेडरूमला पूर्वी ओल, वॉटरप्रूफिंग झालेलं, बिल उपलब्ध. एक चारचाकीची जागा सोसायटीच्या ठरावानं. मेट्रो चालत १२ मिनिटं. डीम्ड कन्व्हेयन्स झालेलं. एक मालक परदेशी, मुखत्यारपत्र तयार. सकाळी हॉलमध्ये ऊन येतं.’

ते शेवटचं वाक्य काकूंचं. लाभदायक वास्तू काढून टाकल्यावर काका रुसले होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या की निदान उन्हाचं तरी राहू द्या, तिथे बसून मी तांदूळ निवडते. खरं होतं, फोटोतही दिसत होतं. ठेवलं. वास्तू लाभल्याचं मी येणाऱ्यांना तोंडी सांगायचं कबूल केलं. पुण्यात त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही.

फोन पहिल्यापेक्षा कमी आले. जे आले ते जिना चढून आले आणि भिंतीचं बिल मागून बघितलं. विसार पावती झाली त्या संध्याकाळी मी जाहिरात काढली. हे आमच्या धंद्यात फारसं कुणी करत नाही. विकलेलं चांगलं घर तसंच ठेवतात आणि फोन आला की ‘ते कालच गेलं हो, पण तसंच दुसरं आहे’ म्हणून भलत्याच घरी नेतात. काकांनी विचारलं, समजा पुढे सौदा फिसकटला तर? तर पुन्हा टाकायची, दहा मिनिटांचं काम. मजकूर तयार आहे, फोटो आहेत, आणि जुलै आला तरी भिंतीचा फोटो बदलावा लागणार नाही.