सहप्रवासी

तीन वर्षांपूर्वी कर्करोगासाठी आमच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मोठ्या आतड्याचे एक टोक पोटाच्या डाव्या बाजूस बाहेर काढण्यात आले. तेव्हापासून त्यावर चिकटवलेली पिशवी आमची अहोरात्रीची सोबतीण आहे. प्राण वाचले, तेव्हा तिच्याविषयी कुरकुर करणे हा कृतघ्नपणाच. पण मनुष्यप्राणी कृतघ्न असतो. तीन वर्षांत आम्ही घरापासून दोन तासांच्या पलीकडे गेलो नव्हतो. विचारणारास प्रकृतीचे कारण सांगत असू. खरे कारण एकच: चारचौघांत पिशवी गळेल, ही धास्ती. थोरल्या बंधूंसही आम्ही पिशवीचा पत्ता लागू दिला नव्हता.

यंदा पौषात आमच्या मंडळींनीच नागपूरहून भामरागडचा बेत ठरवला. पिशव्या नेहमीच्या दुप्पट घेतल्या. चिकट चकतीची भोके घरीच मापाने कापून ठेवली. हलत्या गाडीत कात्री चालत नाही. उन्हाने चिकट थर मऊ पडतो, म्हणून ते सामान पायाशी सावलीत ठेवले. गाडीचा पट्टा नेमका त्या जागी घासे, त्याखाली लहानशी उशी दिली. एवढे झाल्यावर आम्ही स्वतःचे एक शहाणपण चालवले: वाटेत काही खायचे नाही.

वरोऱ्यास आनंदवनाची पाटी दिसली. पाठीच्या विकाराने बसणे अशक्य झालेले बाबा आमटे १९८५ साली भारत जोडो यात्रेत गाडीत आडवे पडून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते, याचे स्मरण झाले. आम्हांस तर बसताही येत होते! तरीही आम्ही काच वर करून पुढे गेलो.

सावलीपुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपुराचाच होता. दुतर्फा धानाची कापलेली शेते, मग साग. आष्टी मागे पडली आणि आमचे शहाणपण आमच्यावरच उलटले. रिकाम्या पोटी वायू धरतो. पिशवी फुगली आणि तिची एक कड सुटली.

चार घरांच्या एका पाड्यावर गाडी थांबवली. अंगणातील म्हातारीने काही न विचारता तट्ट्याची न्हाणी दाखवली आणि बादलीभर पाणी आणून ठेवले. पिशवी बदलून बाहेर आलो, तेव्हा तिने मोडक्या मराठीत विचारले, “पोट दुखते?”

सख्ख्या भावापासून जे लपवले, ते आम्ही तिला हातवारे करून सांगितले. तिने पोटाकडे एकदा पाहिले व म्हणाली, “मग जेवता का नाही?”

तिला पडलेला प्रश्न एवढाच होता. आम्ही तिच्या ओसरीवर बसून भात जेवलो आणि पोटभर पाणी प्यालो.

सायंकाळी भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम पाहिला. परतताना वरोऱ्यास गाडी आत वळवली आणि आनंदवनात अर्धा दिवस काढला.

घरी येताच थोरल्या बंधूंस सारे सांगितले. ते क्षणभर स्तब्ध राहिले; मग रागावून म्हणाले, “तीन वर्षे मी एकटाच काशीस जाऊन आलो. हे आधी सांगायला काय झाले होते?”